पुढची ट्यूब पोकळच असते, भाऊ

नमस्कार भाऊ,

मुलाच्या एअर रायफलबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. रविवारी आमच्या दुकानाच्या काउंटरवर पाऊण तास थांबावं लागलं आणि अमळनेरहून येऊन काम न होता परत जावं लागलं, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मुलगा सोबत होता, ऊन होतं, त्रास झाला असणारच.

पण एका स्टारखाली तुम्ही लिहिलंय, “६८ सेंटिमीटरची नळी सांगून पैसे घेतले. घरी उघडली तर खरी नळी ४२ची, पुढे नुसती पोकय नयी शे (पोकळ नळी आहे). नळी आखूड म्हणून पोराचा नेम लागत नाही. शुद्ध फसवणूक.” हे चाळीसगाव, भुसावळ, शहाद्याचे पालक वाचतात, आणि याच धंद्यावर आमचं घर चालतं. म्हणून उत्तर फोनवर न देता इथेच देतोय. थोडं लांबेल.

तुमच्या बिलावर “बॅरल ४२० मि.मी., एक्स्टेंशन ट्यूबसह” असं छापलेलं आहे. ६८ हा आकडा नळी आणि ट्यूब मिळूनचा. ट्यूबचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. ती रायफलचाच भाग आहे. १० मीटर एअर रायफल प्रकारातल्या बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) रायफलींची रचना अशीच असते : आटे (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) पाडलेली खरी नळी ४२ सेंटिमीटरच्या आसपास, तिच्यापुढे आटे नसलेली, आतून रुंद ट्यूब आणि ट्यूबच्या टोकावर फोरसाइट (नेम धरायची पुढची साइट). ही काटकसर नाही, मुद्दाम केलेली रचना आहे.

कारण असं. या रायफलीत छर्रा ढकलणारी हवा मोजून सुटते. ४.५ मि.मी.चा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने बाहेर पडावा, एवढीच. तेवढा वेग ४२ सेंटिमीटरमध्ये पुरेपूर मिळतो. आणखी २६ सेंटिमीटर आट्यांची नळी जोडली, तर छर्रा आत सुमारे दीड मिलिसेकंद जास्त राहील. तेवढा वेळ हाताची प्रत्येक हालचाल त्याच्यासोबत जाईल. दीड मिलिसेकंद म्हणजे फार नाही, मान्य. पण नवख्या पोराला तो फुकटचा तोटा का द्यायचा? रुंद ट्यूबमध्ये मात्र छर्रा कशालाच टेकत नाही. आट्यांतून सुटला की तो मोकळा. त्यानंतर रायफल हलली तरी त्याला फरक पडत नाही.

मग ट्यूब कशाला? साइट्ससाठी. डोळ्याजवळची डायऑप्टर (बारीक भोकाची मागची साइट) आणि पुढची फोरसाइट यांच्यातलं अंतर ८० सेंटिमीटर असेल आणि फोरसाइट ०.१ मि.मी. चुकीच्या जागी दिसली, तर १० मीटरवर फटका सव्वा मि.मी. सरकतो. ट्यूब काढून तेच अंतर ५४वर आणलं, तर तीच चूक जवळपास १.८५ मि.मी. होते. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरीपर्यंतचं अंतर २.५ मि.मी. आहे आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मि.मी.चा आहे. लांब दिसणाऱ्या रायफलचा फायदा हाच, आणि तो तुम्हाला पूर्ण मिळालेला आहे. बरं, हवी तेवढी लांब करता येते असंही नाही. स्पर्धेच्या नियमात रायफलचं वजन ५.५ किलोपर्यंत आणि मागच्या यंत्रणेपासून टोकापर्यंतची लांबी ८५० मि.मी.पर्यंत. त्या ८५० मध्ये ट्यूबही मोजतात.

तुमचे वरणगावचे पाहुणे काडतुसांचं काम जाणतात आणि “नळी जेवढी लांब तेवढी चांगली” असं म्हणाले, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. बारुदाच्या रायफलीत लांब नळीने वेग वाढतो, हे खरंच आहे. ५.५६ मि.मी.ची गोळी ५०८ मि.मी. नळीतून सेकंदाला सुमारे ९४० मीटरने निघते, ३६८ मि.मी.मधून सुमारे ८८०ने. चारशे-पाचशे मीटरवर हा फरक कळतो, कारण हळू गोळी जास्त खाली येते आणि वाऱ्यात जास्त सरकते. पण वेग वेगळा आणि अचूकता वेगळी. त्याच जाडीची नळी ३० टक्के लांब केली, तर टोकाला तेवढाच जोर लागल्यावर ती दुपटीहून जास्त वाकते (लांबीचा घन धरा, २.२ पट येतं). लांब बांबूने शेवग्याच्या शेंगा पाडताना टोक कसं डुलतं, तसंच. म्हणून आखूड पण जाड नळी त्याच निशाण्यावर पुन्हा पुन्हा तेवढीच नेमकी लागू शकते. टीव्हीवर ५० मीटरची लांबलचक रायफल बघून पालक तशीच मागतात. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवल्यापासून तर रोजच. त्या .२२ इंची रायफलीतसुद्धा बारूद साधारण पहिल्या ४५ सेंटिमीटरमध्येच आपलं काम उरकतो. पुढची लांबी मुख्यतः साइट्ससाठी. तिथेही पुष्कळ जण आखूड नळीवर ट्यूबच लावतात.

आता नेम का लागत नाही ते. हे जाहीर लिहायचं नव्हतं, पण “फसवणूक” हा शब्द तुम्ही जाहीर लिहिलात.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत ट्यूबच्या मागच्या कडेवर पकडीचे दात उमटलेले दिसतात. ही ट्यूब ॲलन कीने क्लॅम्पचा स्क्रू सैल करून काढायची असते, पकडीने पिळून नाही. पिळल्यावर दोन गोष्टी होतात. एक, ट्यूब थोडी फिरून बसते आणि तिच्यासोबत फोरसाइटही फिरते. फोरसाइट नळीच्या मध्यापासून २० मि.मी. उंच धरा. ट्यूब ३ अंश फिरली की फोरसाइट एक मि.मी. बाजूला जाते आणि १० मीटरवर फटका सुमारे १३ मि.मी. सरकतो. म्हणजे पाच रिंग! फोरसाइट उजवीकडे गेली तर फटका डावीकडे. मुलाचे सगळे शॉट “डावीकडे आठ वाजताच्या बाजूला” लागतात असं तुम्हीच लिहिलंय. एवढं तरी डायऑप्टरचे क्लिक फिरवून आणता येतं, पण फिरलेली फोरसाइट सरळ दिसावी म्हणून रायफल खांद्याला लावताना तिरकी धरायची सवय लागते, ती पुढे निघत नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. ट्यूब तिरकी बसली तर छर्र्याचा मागचा पातळ घेर तिच्या कडेला घासतो. मग एक शॉट दहात, पुढचा सातात, त्यात काही नियमच राहत नाही. हे घरी तपासता येतं. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, हवेचा सिलिंडर काढून ठेवा. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीने ट्यूबच्या पुढच्या तोंडाची आतली कड चारही बाजूंनी पुसा. एकाच बाजूला करडा शिशाचा डाग आला तर छर्रा तिथे घासतोय. कुठेच नाही आला, तर ट्यूब निर्दोष आणि माझं म्हणणं मागे घेतो.

छर्ऱ्यांबद्दलही बोलायला हवं. सोबत चपट्या डोक्याचे मॅच छर्रे दिले होते. फोटोत डब्याशेजारी गोल डोक्याचे दिसतात, बहुधा बाजारातून स्वस्त मिळालेले. गोल डोक्याचा छर्रा कागदात फाटकं भोक पाडतो आणि शॉट रेषेवर आहे की आत हे नीट मोजता येत नाही. त्यात एकाच डब्यात वजन कमी-जास्त असलं की वेग बदलतो. वेग सेकंदाला १० मीटरने कमी झाला तर १० मीटरवर फटका साधारण २ मि.मी. खाली येतो. वेगातली ही उठबस नळीच्या लांबीपेक्षा जास्त मार्क खाते. एका डब्यातले छर्रे संपेपर्यंत दुसरा डबा उघडू नका. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० हे डब्यावर लिहिलेलं असतं. जो चालतो तोच घ्यायचा.

विकताना रायफल बेंचवर बांधून तुमच्यासमोर पाच शॉट मारले होते. पाचांचं मिळून एक भोक, छर्र्यापेक्षा जेमतेम मोठं. तो कागद तुमच्याकडेच आहे. त्याच नळीतून.

थांबावं लागल्याबद्दल एवढंच, की रविवारी सकाळी रेंजवर मुलांचा सराव चालू असतो. फायरिंग लाइन चालू असताना तिथला माणूस काउंटरवर येऊ शकत नाही, कोणासाठीही नाही. “पोरगा उद्धट बोलला” म्हणता. तो “लाइन चालू आहे, आत येऊ नका” असं मोठ्याने म्हणाला. ते त्याचं काम आहे. तरी यापुढे काउंटरवर कोणीतरी राहील असं बघतो, वेळेचा बोर्डही लावू.

आणखी एक, कारण तुमच्या फोटोत सिलिंडर गाडीच्या डॅशबोर्डवर आहे. मे महिन्यात जळगावला बंद गाडी आतून ६० अंशांवर सहज जाते. २५ अंशांना २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर तिथे सव्वादोनशेच्या घरात पोचतो. कृपा करून तिथे ठेवू नका. बाकी सगळं नंतर.

रायफल घेऊन मंगळवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर या. ट्यूब काढून, नळी आणि ट्यूबच्या एकमेकींवर बसणाऱ्या कडा पुसून, पाणसाळीवर सरळ धरून कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने (स्क्रू आवळायच्या जोराने) बसवून देतो. कड खरवडली असेल तर ट्यूब बदलावी लागेल. तिची किंमत पडेल, बसवण्याचे पैसे घेणार नाही. मग त्याच बेंचवर तुमच्यासमोर पुन्हा पाच शॉट मारू. शिवाय मुलाची उंची बघून आखूड ट्यूब लावून बघायला हवी. पुढचं वजन त्याला पेलत नाही असं त्याच्या उभं राहण्यावरून वाटलं होतं, आणि लांब साइटमध्ये स्वतःचीच थरथर मोठी दिसून लहान मुलं चाप ओढायला घाबरतात.

येताना पिशवीत दोन्ही डबे छर्रे आणा, आणि रायफल रिकामी, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून.