शेजारी बाग उगवल्यास घ्यावयाची काळजी

इमारतीमागचा ओसाड प्लॉट कुणी साफ करायला घेतला, तर घाबरून जाऊ नका. मुंबईत असे प्रकार अधूनमधून होतात. वेळीच हालचाल केली तर एक-दोन पावसाळ्यांत जागा पूर्ववत होते. आमच्या मुलुंडात गेल्याच महिन्यात हे काम तडीस गेलं, त्यामुळे जे सांगतोय ते ताजं आहे.

सुरुवात सोपी. प्लॉटवर पाडकामाचं राबिट, फुटके कमोड, ढेकणांच्या गाद्या आणि गेल्या गणपतीचं मखर पडलेलं असेपर्यंत ती जागा कोणाची, हे विचारायचं नाही. रात्री दोनला टेम्पो येऊन रिकामा होतो, तो आवाज ऐकून कूस बदलायची. मालकी हक्काचा प्रश्न मिरचीचं पहिलं रोप लागल्यावर काढायचा. "परवानगी घेतलीय का?" हे टेम्पोवाल्याला विचारायचं नसतं. ते हातात फावडं घेतलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना विचारायचं, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून.

खताचा वास येतो म्हणून ग्रुपवर लिहा. तुमचा फ्लॅट रस्त्याच्या बाजूला असला तरी लिहा. रसवंतीवरची उसाची चिपाडं, शहाळ्यांची टरफलं, वाळका पाचोळा आणि घरातला ओला कचरा यांचे थर नीट लावले तर वास येत नाही, उलट काही महिन्यांत काळी भुसभुशीत माती होते, आणि खाली राबिट असलं तरी वर त्या मातीचा उंच वाफा करून भेंडी, मायाळू, लाल माठ घेता येतो, असं कोणीतरी सांगेल. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली, हेही सांगेल. त्यावर नमस्काराचा इमोजी टाकायचा आणि खाली पुन्हा लिहायचं, "पण वास येतो."

डासांचा मुद्दा हमखास चालतो. डेंग्यूच्या डासाची मादी साचलेल्या साध्या पाण्यात अंडी घालते आणि आठवडाभरात त्यातून डास बाहेर पडतात. म्हणजे तुमच्या फ्रिजमागचा ट्रे, एसीखालची बादली, गच्चीवरच्या ताडपत्रीची खोळ. बोट मात्र वाफ्याकडे दाखवा.

साप निघाला असं सांगा. कोणी पाहिला, ते सांगू नका.

तक्रारीच्या अर्जावर सही केल्यानंतरही श्रावणात अळूची पानं मागायला जायला संकोच करू नये.

माहीम-धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं नाव कोणी काढलं तर विषय बदला. ती 37 एकर जागा पूर्वी कचराभूमी होती, 1994 पासून लोकांसाठी खुली आहे, आणि तिथे मुलं शाळेच्या सहलीला जाऊन पक्षी आणि फुलपाखरं बघतात. अशी उदाहरणं पोरांच्या कानावर पडली की ती घरी येऊन चिंचोके पेरतात.

वृक्षारोपण 5 जूनलाच करा. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, पण मान्यवरांच्या तारखा पावसाला विचारून मिळत नाहीत. मधल्या दिवसांत पाणी कोणी घालायचं ते रोपानं बघावं. पुढच्या वर्षी तोच खड्डा कामाला येतो.

आणि एवढं करूनही बाग तग धरून राहिली, तर शेवटचं अस्त्र काढा: सुशोभीकरण. साध्या कागदावर "सदर भूखंडाचा विकास व्हावा" असं लिहून खाली रहिवाशांच्या सह्या घ्यायच्या. निधी येतो. कसा येतो, कुठून येतो हे विचारायचं नाही. वाळलेल्या गुलमोहराची फांदी उतरवून न्या म्हणून चकरा मारल्या तेव्हा माणसं नव्हती, पण जेसीबी सकाळी सातला हजर होतो. पपईला फळं धरलेली असतात, तोंडलीचा मांडव भरलेला असतो, शिक्षिकाबाई दोन दिवस द्या, निदान रोपं कुंड्यांत हलवू द्या म्हणून हात जोडतात, आणि मुकादम म्हणतो, "मॅडम, आम्हाला ऑर्डर आहे." मग पेव्हर ब्लॉक. लाल आणि करडे. एवढ्या वर्षांत आपल्याकडे एकही पेव्हर ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात जागेवर राहिलेला नाही, तरी पेव्हर ब्लॉकच! त्यावर प्लास्टिकचं गवत. गवतावर फायबरचं हरीण. हरणाच्या मागे निळे दिवे लावलेलं बदाम, त्यात उभं राहून फोटो काढायचा. उघड्या उन्हात व्यायामाची लोखंडी यंत्रं, दुपारी हात लावला तर फोड येईल. चारही बाजूंनी कठडा, फाटकाला कुलूप, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. आणि बागेपेक्षा उंच फलक, त्यावर हसरे चेहरे. त्यातल्या एकानेही इथे कधी लोटाभर पाणी ओतलेलं नाही, ज्या बाईने ओतलं तिचं नाव कुठेच नाही. शेवग्याचं झाड तेवढं राहिलं. त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंय, बोट घालायला फट ठेवलेली नाही. राज्याच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्यात झाडाला कसलीही इजा करणं हे झाड तोडण्यातच मोडतं. पण तोडायला आले तर निदान आरडाओरडा होतो. सिमेंट ओतलं की लोक म्हणतात, बघा, किती स्वच्छ झालं!

परवाच्या पहिल्याच जोरदार सरीत बी विंगच्या फाटकात घोटाभर पाणी होतं. पूर्वी ते वाफ्यांत जिरायचं. तर आता पुढचा सल्ला: पंप बसवायला वेगळा निधी मागा...

जाऊ दे. सल्ले पुरे झाले.

कंत्राटदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला बिल काढायचं होतं, त्याने काढलं. सह्या आपल्याच लोकांच्या होत्या. मी तो अर्ज पाहिलाय. ज्यांच्या घरी त्याच वाफ्यातला कढीपत्ता फोडणीला जायचा त्यांच्या सह्या आहेत. ज्यांची नातवंडं तिथे पहिल्यांदा गांडूळ हातात घेऊन हसली त्यांच्याही आहेत. का केल्यात? तर "तिथे पार्किंग होईल असं कोणीतरी म्हणालं." कोण म्हणालं? माहीत नाही! या शहरात माणशी दीड चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा नाही, सतरंजी अंथरली की संपली. त्यातली एक जागा चार बायका, एक वॉचमन आणि काही पोरांनी घाण उपसून जिवंत केली. तुमच्याकडून त्यांनी पैसे मागितले नाहीत, श्रम मागितले नाहीत. फक्त आड येऊ नका, एवढंच म्हणणं होतं, आणि तेवढंही तुम्हाला जमलं नाही. कचऱ्याची तक्रार कधी केली नाहीत, ती बागेची केलीत. शरम वाटायला हवी.

शेवग्याभोवतीचं सिमेंट फोडून आळं मोकळं करा, असा अर्ज लिहून तयार आहे. रविवारी सकाळी खाली या आणि त्यावरही सही करा. पार्किंगचं काय, असं मला विचारू नका.