शहाळ्याने किडनी ‘धुतली’ जात नाही

शनिवारी रात्री मामीचा फोन. “दोन शहाळी आणून ठेवलीत. उद्या सकाळी यांना देऊ ना?” मामा दीड वर्ष डायलिसिसवर आहे. फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरत होता: डायलिसिस म्हणजे लूट, एकदा लावलं की किडनी आळशी होते आणि ते सुटत नाही. रोज दोन शहाळी, गोखरूचा काढा आणि भरपूर पाणी घ्या, किडनी धुऊन निघेल. किडनी देणारा जन्माचा अधू होतो. पुढे पाठवा, एक जीव वाचेल.

जीव वाचेल! पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट माणूस ते लघवीवाटे टाकून देतो. मामाला दिवसभरात जेमतेम अर्धा पेला लघवी होते. रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, कधी काही न जाणवता थेट बंद पाडतं. त्यात मामाचे डायलिसिसचे वार सोम-बुध-शुक्र, म्हणजे रविवार सलग दोन दिवसांच्या खाड्यातला. ज्या घरात पोटॅशियम निघून जावं म्हणून बटाटा चिरून, उकडून, ते पाणी मोरीत ओतून मग फोडणीला पडतो, तिथे हे मेसेजवाले शहाळी पाजायला निघालेत. भरपूर पाण्याचंही तेच. बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं.

किडनी आळशी वगैरे काही होत नाही. तिचं काम 15 टक्क्यांच्या खाली घसरल्यावर डायलिसिसचा विषय निघतो. सुटत नाही, कारण किडनी आधीच गेलेली असते. लेप्टोसारख्या तापाने किंवा सर्पदंशाने ती अचानक बंद पडली, तर डायलिसिस पुष्कळदा काही आठवड्यांत सुटतंही. ‘काढ्याने बरे झालेले’ बहुधा यांतलेच.

लुटीचं म्हणाल, तर काही ठिकाणी घाई होते, हे मान्य. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 828 रुग्णांवरचा ‘आयडियल’ अभ्यास 2010 मध्ये छापून आला. डायलिसिस लवकर लावल्याने आयुष्य वाढलं नाही. पण थांबवून ठेवलेल्या गटातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना त्रास वाढून ठरल्याआधीच ते लावावं लागलं. तेव्हा किडनीच्या कामाचा नुसता आकडा बघून कोणी घाई करत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. काढ्याचं नाव त्यात कुठेही नाही.

आणि देणारा अधू? सगळ्या तपासण्या नीट आल्याशिवाय कोणाची किडनी घेतच नाहीत. पुढे एका किडनीवर नोकरी-संसार सगळं चालतं, वर्षाकाठी तपासणी तेवढी चुकवायची नाही. मामाला किडनी देण्यासाठी मामीच्या तपासण्या सध्या चालू आहेत. नेमकी तिनेच ती ओळ वाचली.

“मग या शहाळ्यांचं काय करू?” ती म्हणाली.

“तू पी. तुझे रिपोर्ट चांगले आलेत.”