सक्तीचा आनंद

काम करणे ही एक गोष्ट झाली. ते आनंदाने करणे ही अलीकडे वेगळी जबाबदारी होऊन बसली आहे. पूर्वी माणूस कपाळाला आठ्या घालून दिवसभर राबला, तरी त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नसे. आता आमच्या मनुष्यबळ विभागाने सर्वांच्या मोबाईलमध्ये एक ॲप बसवून घेतले आहे आणि ते दिवसातून केव्हाही थरथरून ‘या क्षणी तुम्हाला कसे वाटत आहे?’ अशी चौकशी करते. उत्तरादाखल पाच चेहरे दिलेले असून त्यांतला पहिला रडवेला, तर पाचवा संशय यावा इतका प्रसन्न आहे.

या चेहऱ्यांमागे एक संपूर्ण दंडसंहिता दडलेली आहे. पहिला किंवा दुसरा दाबल्यास समुपदेशनाची वेळ आपोआप ठरते आणि ती हटकून कार्यालय सुटल्यानंतरची असते. तिसरा दाबल्यास ‘आम्ही काय सुधारू शकतो?’ असा रकाना उघडतो आणि तो भरल्याखेरीज सुटका होत नाही. पाचवा दाबणाऱ्याला आपल्या आनंदाचे रहस्य सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर उलगडून सांगावे लागते. चौथा दाबणाऱ्याला मात्र कोणी काहीच विचारत नाही. हा शोध प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागल्यामुळे पहिल्याच अहवालात शिपायापासून साहेबांपर्यंत सारे कार्यालय पाचापैकी चार इतके सुखी निघाले आणि मनुष्यबळ विभागाने स्वतःचे अभिनंदन करून घेतले.

थोडे वाचन केले तेव्हा कळले की या छळाला चांगली परंपरा आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय हे मानसशास्त्रज्ञ 1970 च्या दशकातच लोकांना पेजर देऊन तो वेळीअवेळी वाजवत असत. तो वाजला की आपण काय करत होतो आणि मनाची अवस्था कशी होती, हे त्या माणसाने नोंदवायचे. ज्युडिथ लेफेव्हर यांच्यासह त्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून असे दिसले की, तल्लीन होण्याचे प्रसंग माणसाला फुरसतीपेक्षा कामात अधिक लाभतात, आणि तरीही कामावर असताना त्याला दुसरेच काहीतरी करावेसे वाटत असते. हे वाचून मला माझे सुट्टीचे दिवस आठवले. आठवडाभर ज्याची वाट पाहिली तो दिवस मी पलंगावर आडवा पडून, अनोळखी माणसांच्या सहलींची छायाचित्रे अंगठ्याने वर सरकवण्यात घालवतो आणि संध्याकाळी काहीही कारण नसताना घरातल्यांवर खेकसतो. 2011 मध्ये आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर आनंदाला फार महत्त्व देणाऱ्यांच्या वाट्याला तो कमीच येऊ शकतो, असे दाखवून दिले. त्याची माहिती मी मनुष्यबळ विभागाला अगत्याने पाठवली. उलट टपाली एक हसरा चेहरा आला.

मी हिशेब विभागात असल्यामुळे आनंदाशी माझा खरा संबंध येतो तो महिनाअखेरीला. गेल्या वेळी ताळा जुळेना. दोन्ही बाजूंत 27 चा फरक येत होता. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की मुरलेला हिशेबनीस आधी अंकांची अदलाबदल शोधतो, कारण लगतचे दोन अंक उलटे पडल्यावर येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. म्हणजे मला 85 चे 58 किंवा 41 चे 14 करणारा गुन्हेगार हवा होता. एकेका नोंदीवर पेन्सिलीचे टिंब देत मी खाली उतरू लागलो. अवघडलेली मान, वाजणारे फोन, दारातून डोकावून गेलेले साहेब, कशाचेही भान उरले नाही. अखेर एका पानाच्या तळाशी 1,285 च्या जागी 1,258 हा आकडा साळसूदपणे बसलेला दिसला आणि मी ‘सापडला!’ असे इतक्या मोठ्याने ओरडलो की, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी पाय खुर्चीवर उचलून घेतले.

नेमके त्याच क्षणी ॲप थरथरले. चोराची मानगूट हातात आलेली असताना ‘कसे वाटत आहे?’ असे विचारणाऱ्याविषयी जे वाटते, ते मी पहिला चेहरा दाबून तत्काळ कळवले.

समुपदेशक मॅडम स्वभावाने फार चांगल्या निघाल्या. अलीकडे मनापासून आनंद कधी झाला होता, असे त्यांनी विचारताच मी अंकांची अदलाबदल, नऊचा भाग आणि पेन्सिलीची टिंबे यांसह साद्यंत निवेदन केले. त्यांनी ते लिहून घेतले आणि ‘बरं, आणि घरी?’ असे हळुवारपणे विचारले. घरी एक नळ गळत होता, त्याचा वायसर मी स्वतः बदलला तेव्हा फार बरे वाटले होते. परंतु आता तो गळत नसल्यामुळे पंचाईत झाली आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर मॅडमनी वही मिटली. त्यांच्याकडचाही एक नळ बरेच दिवस ठिबकत होता, आणि त्याला कोणत्या मापाचा वायसर लागेल हे मला सांगता येईल का, असे त्यांनी आवाज जरा खाली आणून विचारले. जुना वायसर काढून दुकानात सोबत न्यावा, आणि मुख्य म्हणजे तो काढण्यापूर्वी वरचा व्हॉल्व्ह बंद करावा, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. सत्र ठरल्यापेक्षा बरेच लांबले.