लोणार १८२३ साली ‘सापडले’ नाही

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारविषयी एक मजकूर मोबाइलवर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘लोणारचे सरोवर हे उल्केमुळे तयार झालेले जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे विवर आहे, बेसॉल्ट खडकातील ते जगातले एकमेव विवर आहे, ते ५२ हजार वर्षांपूर्वी तयार झाले, उल्का अजून तळाशी गाडलेली असल्याने तेथे होकायंत्र चालत नाही, आणि अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याचा शोध लावला.’ लोणारविषयी लोकांना कुतूहल वाटते याचा आनंदच आहे, पण या पाचपैकी एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही, आणि शेवटचे विधान तर त्या गावावर उघड अन्याय करणारे आहे.

आकाराचा मुद्दा लवकर निकालात निघतो. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मेक्सिकोतील चिक्षुलूब या उल्काविवराचा व्यास त्याच्या जवळजवळ शंभरपट आहे. फार दूर जाण्याचीही गरज नाही, कारण मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात असलेली ढाला ही आघातरचना (उल्केच्या आघाताने बनलेली भूरचना) सुमारे अकरा किलोमीटर व्यासाची आहे आणि राजस्थानच्या बारां जिल्ह्यातील रामगढचे विवरही लोणारहून मोठे आहे. म्हणजे तिसरा क्रमांक जगात तर नाहीच, पण पहिला क्रमांक भारतातही नाही.

‘एकमेव’ या शब्दाबाबत मात्र थोडे थांबावे लागते, कारण त्यामागे सत्याचा एक अंश आहे. ब्राझीलच्या दक्षिण भागात, पाराना खोऱ्यातील बेसॉल्टच्या थरांत, व्हार्जियाव आणि व्हिस्ता अलेग्रे या दोन आघातरचना आहेत आणि दोन्ही लोणारपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. परंतु त्या फार जुन्या, झिजलेल्या आणि अधिक गुंतागुंतीच्या आहेत. लोणारचे विवर साधे, वाटीसारखे, कडा शाबूत असलेले आणि पूर्णपणे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये खोदले गेलेले आहे. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी बेसॉल्टचा असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी संशोधक लोणारला येतात. ‘उत्तम टिकलेले’ हे विशेषण लोणारला शोभते, ‘एकमेव’ हे नाही.

वयाचा आकडा सर्वांत रुजलेला आहे. ५२ हजार वर्षे ही संख्या काल्पनिक नाही. ती १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तप्तदीप्ती पद्धतीच्या मोजणीतून आली. आघाताच्या उष्णतेने वितळून बनलेल्या काचेत त्यानंतर साठत गेलेली किरणोत्सर्गी ऊर्जा या पद्धतीत मोजतात. पण हा साठा काळाच्या ओघात गळू शकतो आणि तसे झाल्यास वय प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. २०११ साली त्याच विवरातील वितळलेल्या खडकाचे वय आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून, काढण्यात आले, तेव्हा उत्तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे आले आणि त्यातील संभाव्य चूक ४७ हजार वर्षांची सांगितली गेली. दोन उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर असताना जुनेच उत्तर निर्विवाद म्हणून पाठ करणे योग्य नाही.

होकायंत्राचे कारण खडकात आहे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, त्यामुळे दख्खनच्या पठारावर कितीतरी ठिकाणी खडकाला अगदी चिकटून धरलेली सुई थोडी हलते. त्यासाठी गाडलेल्या उल्केची गरज नाही. एवढ्या वेगाने आदळणारा पिंड बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जातो. विवराच्या तळात विंधनछिद्रे घेतली गेली तेव्हा हाती आला तो आघाताने चुरा झालेला बेसॉल्ट, लोखंडाचा गोळा नव्हे. त्याच नमुन्यांच्या आधारे, ज्यात प्रचंड दाबानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच होती, १९७३ साली हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे हे पक्के झाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत भारतीय भूशास्त्रज्ञही होते, आणि संदेशात त्यांना एका ओळीचीही जागा मिळत नाही.

आता ‘शोध’. अलेक्झांडरने १८२३ मध्ये हे सरोवर पाहिले आणि त्याची नोंद केली, एवढेच म्हणता येते. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ऐन-ए-अकबरी या ग्रंथात मेहकरच्या वर्णनात लोणार नोंदवले आहे: ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात आणि येथे काच व साबण बनवण्याची सामग्री मिळते, असे तो सांगतो. त्याहून मागे, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामी लोणारला राहिले होते. लीळाचरित्रात तेथील लीळा आहेत. मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथात ज्या गावाचे नाव आहे, ते गाव एकोणिसाव्या शतकात ‘सापडले’ असे मराठी माणसानेच लिहावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

गावातले दैत्यसूदनाचे मंदिर, ताऱ्याच्या आकाराची मांडणी आणि भिंतींवरची दाट शिल्पे घेऊन, इंग्रजांच्या कितीतरी शतके आधीपासून उभे आहे. विष्णूने लवणासुराला मारले ती हीच जागा, अशी कथा आहे, आणि सरोवराचे पाणी हे त्या असुराचे रक्त मानले जाई. कथा सांगणाऱ्यांनी खड्डा पाहिला होता, पाण्याचा खारटपणा चाखला होता आणि दोन्हींचे कारण शोधले होते. कड्यावरच्या धारेचे पाणी गोडे आणि खाली सरोवराचे इतके अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो, हा फरक यात्रेकरूंना पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. विवराच्या आत, पाण्याच्या काठी असलेल्या कमळजा देवीच्या नवरात्रातील यात्रेला लोक उतरत आले आहेत.

आणि लोक फक्त देवासाठी उतरत नव्हते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर व तळाशी क्षार धरत, ते काढून सुकवण्याचा येथे धंदाच होता. शुद्धतेनुसार आणि रूपानुसार त्यांना डल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती.