होतकरू हुकूमशहांसाठी दूरचित्रवाणी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत ‘प्रभावी जनसंपर्काची सूत्रे’ या विषयावरचे एक भाषण ऐकण्याचा योग आला. शाल-श्रीफळ आटोपल्यावर वक्त्यांनी सांगितले की, जगातली पहिली दूरचित्रवाणी हिटलरने १९३५ साली सुरू केली, ती सर्वसामान्यांना फुकट दाखवली आणि ‘बाकी काही म्हणा, त्या माणसाचे नियोजन मात्र घेण्यासारखे होते’. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहून, तेव्हा बर्लिनमध्ये लोकांच्या घरी दूरचित्रवाणीचे संच किती होते, एवढेच विचारले. सूत्रसंचालकांनी ‘वेळेअभावी’ हा शब्द उच्चारून माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू केले. ते २५ मिनिटे चालले.

घरी येताना वाटले की, आपल्याकडे या विषयाची एवढी गोडी आहे, तर हौशी मंडळींना निदान शास्त्रशुद्ध मार्गदर्शन तरी मिळावे. तेव्हा सोसायटीत, पतपेढीत किंवा शिक्षणसंस्थेत ज्यांना लहानमोठे हुकूमशहा व्हायचे असेल, त्यांनी पुढील सूचना टिपून घ्याव्यात.

सर्वप्रथम, उद्घाटन उरकून घ्या. वस्तू मागाहून येईल. जानेवारी १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी समितीने अधिक स्पष्ट चित्राची दूरचित्रवाणी सुरू करण्याची शिफारस केली आणि लंडन आपल्याला मागे टाकणार, या धास्तीने बर्लिनने २२ मार्च १९३५ रोजी नारळ फोडला. नभोवाणीचे प्रमुख ऑयगेन हादामोव्स्की यांनी त्या संध्याकाळी, फ्यूररची प्रतिमा आता प्रत्येक जर्मन हृदयात कायमची रुजवली जाईल, अशा अर्थाचे भाषण केले. चित्र होते १८० आडव्या रेषांचे (रेषा जितक्या जास्त, तितके चित्र स्पष्ट). कार्यक्रम आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास, आणि त्यातही बराच भाग चित्रपटांच्या तुकड्यांचा. हृदये भरपूर होती, संच तेवढे नव्हते. जे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके होते, ते अधिकाऱ्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या घरी. म्हणजे ज्यांच्या हृदयात प्रतिमा आधीच रुजलेली होती, किंवा न रुजल्यास नोकरी जाणार होती, त्यांनाच ती पुन्हा दाखवली जात होती.

‘पहिले’ या शब्दाची फार चिंता करू नका. जॉन लोगी बेअर्डने लंडनमध्ये जानेवारी १९२६ मध्येच हलते चित्र दाखवले होते आणि बीबीसी १९३२ पासून ३० रेषांची चित्रे नेमाने पाठवत होती, असे कोणी म्हणालेच, तर ‘आमची चित्रे अधिक रेषांची’ असे सांगावे. व्याख्या आपण करावी आणि मग त्या व्याख्येत आपणच पहिले यावे.

एखादा विस्मृतीत गेलेला वृद्ध शोधून ठेवा. पाउल निपकोव नावाच्या जर्मन तरुणाने १८८४ साली सर्पिल रांगेत भोके पाडलेल्या फिरत्या चकतीचे पेटंट मागितले होते. चित्राचे ठिपके करून ते तारेने पाठवण्याची ती कल्पना होती. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, पेटंटची मुदत संपली आणि निपकोव रेल्वेच्या सिग्नलांच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झाला. पन्नास वर्षांनी त्याला उचलून प्रसारण केंद्रालाच त्याचे नाव देण्यात आले, कारण दूरचित्रवाणी हा जर्मन शोध आहे हे सिद्ध करायला एक जर्मन म्हातारा हवा होता. १९४० साली तो वारला तेव्हा सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. उमेदीच्या काळात पेटंटकडे कोणी पाहिले नाही, मेल्यावर मात्र पुष्पचक्रांची रांग. हा प्रकार समजावून सांगण्याची आपल्याकडे गरज नसावी.

निवेदिकेला अंधारात बसवा. हे आलंकारिक बोलणे नाही. उर्सुला पाट्श्के या निवेदिकेला खरोखरच एका काळोख्या, अरुंद खोलीत बसून बोलावे लागे, कारण प्रकाशाचा एकच झोत तिच्या चेहऱ्यावरून ओळीओळीने फिरवून चित्र घेतले जात असे.

यंत्रे प्रदर्शनात मांडून ठेवू नका. ऑगस्ट १९३५ मध्ये बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनाला आग लागली, प्रक्षेपक जळाले आणि जगातली पहिली नियमित सेवा पुढे काही महिने नियमितपणे बंद राहिली.

एका कामावर तीन खाती नेमा. तारा आणि प्रक्षेपक टपाल खात्याचे, कार्यक्रम गोबेल्सच्या प्रचार खात्याचे, आणि जुलै १९३५ मध्ये हिटलरने हुकूम काढून सगळा विषय दिला गोरिंगच्या विमान खात्याला! ओढाताण इतकी झाली की, वर्ष संपण्याआधी अधिकारांची पुन्हा वाटणी करावी लागली. आपल्या दारासमोरचा रस्ता कोणाचा, असे ज्यांनी एकदा तरी विचारून पाहिले आहे, त्यांना या ‘नियोजना’ची खोली लगेच कळेल.

आता ‘फुकट’ या मुद्द्याकडे येऊ, कारण टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच पडल्या होत्या. संच विकता येत नाहीत म्हटल्यावर एप्रिल १९३५ पासून बर्लिनमध्ये सार्वजनिक ‘दूरदर्शन खोल्या’ उघडल्या गेल्या. खोलीत अंधार, समोर वहीच्या पानाएवढा पडदा, आणि त्यासमोर दाटीवाटीने बसलेली तीसेक माणसे. यात औदार्य शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, घरातला प्रेक्षक तोंड वाकडे करू शकतो, हसू शकतो, उठून चहा टाकू शकतो. खोलीतल्या प्रेक्षकाला मात्र शेजारी कोण बसले आहे, हे माहीत नसते. ऑगस्ट १९३६ च्या ऑलिंपिकसाठी अशा दोन डझनांहून अधिक खोल्या सज्ज होत्या आणि दीड लाखाच्या आसपास लोकांनी त्यांत खेळ पाहिले. यंत्रे अद्भुत होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. टेलिफुंकेन कंपनीचा माणसापेक्षा लांब, तोफेसारखा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा वाल्टर ब्रुख हा तरुण अभियंता चालवत होता. पुढे याच ब्रुखने ‘पाल’ (PAL) ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धत शोधली आणि १९८२ मध्ये आपल्या दूरदर्शनने रंग घेतले ते त्याच पद्धतीने. दुसरीकडे एक मोटार होती, जिच्या टपावरचा कॅमेरा फिल्मवर चित्र घेई, ती फिल्म गाडीच्या पोटातच धुतली जाई आणि ओली असतानाच मिनिटभरात तिचे प्रक्षेपण होई. ऊन गेले की इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यातले चित्र राखाडी लापशीसारखे दिसे, पण तो भाग सोडा. जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली, ती दाखवणे कोणालाही टाळता आले नाही.

मात्र कॅमेरा कोठे रोखायचा, हे ठरवणारा माणूस अभियंता नव्हता. स्पर्धा सुरू होण्याच्या पंधरवडाभर आधी, १६ जुलै १९३६ रोजी, पाहुण्यांच्या नजरेला शहर ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून बर्लिनमधल्या सिंती आणि रोमा या अल्पसंख्य समाजांतल्या कुटुंबांना पोलिसांनी पहाटे उचलले आणि शहराच्या पूर्व टोकाला, मार्त्सान येथे, मैलापाण्याच्या शेतांना लागून नेऊन टाकले. सुमारे ६०० माणसे होती, लेकराबाळांसकट. पुढे त्यांतल्या अनेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या उत्तरेला साक्सेनहाउसेनची छळछावणी उभी राहत होती. रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या पाहुणे असेपर्यंत उतरवून ठेवल्या होत्या. हे सगळे ज्या शहरात घडत होते, त्याच शहरात लोक अंधाऱ्या खोलीत बसून धावण्याची शर्यत पाहत होते, आणि आमचे वक्ते नव्वद वर्षांनी सांगतात की दाखवले फुकट! फुकट दाखवले म्हणजे काय उपकार केले? चित्र फुकट होते, कारण त्याची किंमत चौकटीबाहेरच्या माणसांकडून वसूल झालेली होती.

क्षमा करा. मार्गदर्शनाकडे वळतो.

जनतेला स्वस्त संचाचे आश्वासन द्या. १९३९ मध्ये ६५० मार्कांचा ‘एकसारखा’ संच जाहीर झाला, १० हजार संच बनवायचे ठरले, सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि प्रत्यक्षात बनले पन्नासेक. पुढे कार्यक्रम दाखवले ते मुख्यतः इस्पितळांतल्या जखमी सैनिकांना, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात प्रक्षेपकही गेला.

आणि खरा प्रचार करायचाच असेल, तर दूरचित्रवाणीच्या नादी लागू नका, साधा रेडिओ स्वस्त करा. १९३३ मध्ये काढलेला ‘लोकांचा रेडिओ’ ७६ मार्कांना होता. त्याच्या नावातला ३०१ हा आकडासुद्धा हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीची आठवण म्हणून होता. १९३८ मध्ये ३५ मार्कांचा त्याहून लहान संच आला. दूरची केंद्रे त्यावर सहजी लागत नसत. युद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरला, ऐकलेले इतरांना सांगणाऱ्यासाठी मृत्युदंडाची तरतूद झाली, आणि रेडिओच्या बटणाला अडकवायला तशा ताकिदीचे पुठ्ठ्याचे कार्ड मिळू लागले. बातम्या लावायला हात पुढे केला की बोटाला आधी ते कार्ड लागायचे. व्याख्यानात ‘नियोजन’ म्हणून जे सांगायला हवे होते, ते हे होते. दूरचित्रवाणी हा दिवाणखान्यातला शोभेचा दिवा होता. घराला आग लावली ती रेडिओने.

‘खोटे शंभरदा सांगितले की खरे होते’ हे गोबेल्सचे वाक्य समारोपाला ठेवा. तो तसे कधी म्हणाल्याचा पुरावा नाही, पण आमच्या वक्त्यांनी ते सांगितले आणि शेजारच्या गृहस्थांनी वहीत उतरवून घेतले.

आता सूचना पुरे. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्ही शिकलेले आहात. त्या सभागृहात दोन निवृत्त मुख्याध्यापक होते, एक वकील होते, आणि एकालाही हा माणूस काय सांगतो आहे, असे वाटले नाही. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगातून हिटलरचे आत्मचरित्र विकत घेऊन कपाटात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या खणात ठेवणारे तुम्हीच. ‘आपल्याकडे असा एक पाहिजे’ हे वाक्य चहाच्या कपाबरोबर सहज टाकणारेही तुम्हीच. तो ‘असा एक’ आला, तर आपण खोलीत बसणाऱ्या तिसांत असू, मार्त्सानला नेलेल्या सहाशेंत नव्हे, हा भरवसा तुम्हाला कोणी दिला? शिस्त आवडते म्हणता आणि साधा एक प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातला माइक जातो तेव्हा खाली मान घालून बुटाच्या नाड्या बघत बसता. लाज वाटली पाहिजे. मला माझीही वाटते, कारण माइक गेल्यावर मीदेखील मुकाट्याने खाली बसलो आणि आभारप्रदर्शनाची २५ मिनिटे पुरी ऐकली.

पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेची वर्गणी मी भरली आहे आणि पावती जपून ठेवली आहे. या वेळी प्रश्न दोन आहेत. लोकांच्या घरी संच किती होते, हा पहिला. आणि १९३६ च्या त्या ऑगस्टमध्ये टपावर कॅमेरा असलेली मोटार एकदा तरी मार्त्सानच्या रस्त्याला का वळली नाही, हा दुसरा.