क्लब बुडवावा तर पार्मासारखा

फुटबॉल क्लब विकत घेऊन बुडवायचा तुमचा विचार पक्का झाला असेल, तर मिलान किंवा रोमकडे फिरकू नका. तिथे कोणी ना कोणी धनाढ्य धावून येतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात जाते. इटलीच्याच एमिलिया-रोमान्या प्रांतातलं पार्मा घ्या. वस्ती सुमारे दोन लाख, तार्दिनी स्टेडियम बावीस हजारांच्या आसपासचं, आणि चीज नि हॅमच्या जिवावर माणसं खाऊनपिऊन सुखी. पूर्वपीठिकाही उत्तम आहे. संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त जुलै १९१३ मध्ये ‘वेर्दी फुटबॉल क्लब’ निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं नाव ‘पार्मा’ झालं. पाटी बदलण्याची सवय अशी पाळण्यातली. १९६८ मध्ये एकदा दिवाळं वाजलं, तेव्हा ‘पार्मेन्से’ नावाचा गावातलाच दुसरा क्लब पुढे आला आणि १९७० मध्ये जुनं नाव लावून चालू लागला. म्हणजे तुम्ही काही नवीन पाप करत नाही आहात.

मात्र आहे त्या जागी बुडवू नका. तिसऱ्या श्रेणीतला क्लब बुडाला तर आतल्या पानावर चार ओळी येतात. आधी वर चढवा. यासाठी एक दूधवाला लागतो. पार्माजवळच्या कोलेक्कियोचे कालिस्तो तान्झी हे त्यातले आदर्श. त्यांची पार्मालात कंपनी १९८७ मध्ये क्लबच्या शर्टावर आली. १९९० च्या फेब्रुवारीत अध्यक्ष चेरेसिनी वारले, मे महिन्यात शेजारच्या रेज्जानाला २-० हरवून संघ इतिहासात पहिल्यांदा इटलीच्या अव्वल श्रेणीत, सेरी ए मध्ये गेला आणि कंपनी मालक झाली.

प्रशिक्षक नेविओ स्काला यांना ठेवून घ्या. तीन बचावपटू आणि दोन्ही कडांना बेनारिव्हो नि दी कियारा असे न दमता वरखाली पळणारे गडी, एवढ्यावर १९९२ चा इटालियन चषक आणि १९९३ मध्ये वेम्ब्लीवर अँटवर्पला ३-१ हरवून कप विनर्स कप घरी आला. १९९२ ते २००२ या काळात एकूण आठ मोठे चषक, त्यांतले चार युरोपातले. झोला, आस्प्रिया, बुफॉन, थुराम, कॅनव्हारो, क्रेस्पो, व्हेरोन ही नावं दोन लाखांच्या गावात दर रविवारी खेळत होती, हे आज सांगूनही पटत नाही. एक पथ्य तेवढं पाळा: लीग जिंकू नका. १९९६-९७ मध्ये आन्चेलोत्तींच्या हाताखाली ते जवळजवळ घडलंच होतं, युव्हेंटस दोन गुणांनी पुढे राहिली म्हणून वाचलो.

आता पैसा. ऋण काढून सण करायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पार्मालातने त्यात घातलेली भर म्हणजे ऋण काढण्यासाठी आधी श्रीमंती दाखवायची. कृती अशी. केमन बेटांवर एक उपकंपनी काढा, नाव बोनलात. तिच्या वह्यांत, उदाहरणार्थ, क्यूबाला विकलेल्या दूध पावडरीच्या नोंदी करा. मग तिच्या नावे एका मोठ्या अमेरिकी बँकेत ३.९५ अब्ज युरो शिल्लक आहे असं पत्र तयार करा. बँकेचं बोधचिन्ह स्कॅन करायचं, मजकूर जुळवायचा आणि कागद फॅक्समधून काढायचा. फॅक्सचं महत्त्व कमी लेखू नका. कोऱ्या करकरीत कागदावरची खोटी सही लगेच डोळ्यांत भरते. तीच फॅक्समधून पुसट होऊन आली की खरी वाटू लागते. हे पत्र हिशेबतपासनीसांच्या फाइलला लागलं की रोखे विकायला काढा. इटलीतले लाखाहून अधिक लहान गुंतवणूकदार आयुष्याची पुंजी घेऊन रांगेत उभे राहतात.

ही कृती फसते ती एकाच ठिकाणी: कोणीतरी त्या बँकेलाच विचारतं. १९ डिसेंबर २००३ रोजी असं खातंच नाही हे जाहीर झालं आणि सुमारे १४ अब्ज युरोंचं देणं उघडं पडलं. तोवर क्लबातली चांदी बरीचशी मोडून झाली होती. बुफॉन आणि थुराम २००१ च्या एकाच उन्हाळ्यात युव्हेंटसला गेले होते. तान्झींना तुरुंगवास झाला, क्लब सरकारी प्रशासकाच्या हाती गेला, २००४ मध्ये पाटी पुन्हा बदलली. पण क्लब टिकला! २००७ मध्ये त्याला नवा मालक मिळाला, २००८ मध्ये तो खाली गेला आणि वर्षभरात परत वर आला. म्हणजे निव्वळ मालक बुडून भागत नाही. क्लब बुडवायचा तर तो आतून पोखरावा लागतो.

त्यासाठी इटालियन फुटबॉलात ‘प्लुस्वालेन्झा’ नावाचं औजार आहे. तुमच्याकडे एक पोरगा आहे, वह्यांत त्याची किंमत शून्य. शेजारच्या क्लबकडेही तसाच एक. दोघांची अदलाबदल करा, पण कागदावर दोघांची किंमत ५० लाख लिहा. पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, तरी दोघांच्याही वह्यांत या वर्षी ५० लाखांचा नफा. आलेल्या पोराचे ५० लाख मात्र खर्चात एकदम पडत नाहीत. करार पाच वर्षांचा असेल तर दर वर्षी दहा-दहा लाख. यंदा फायदा ४० लाख, पुढची चार वर्षं खड्डा. तो बुजवायला पुढच्या वर्षी आणखी मोठी अदलाबदल लागते, त्या पुढच्या वर्षी त्याहून मोठी. असं करताना माणसं साठत जातात. पार्माच्या दप्तरी एका वेळी दोनशेहून अधिक खेळाडू होते. मैदानात अकराच उतरतात. बाकीचे कुठे कुठे उसने दिलेत हे दर सोमवारी यादी काढून पाहत जा.

याही घरात एक उंदीर फिरतो, तो म्हणजे बारीक रक्कम. २०१३-१४ मध्ये संघ सहावा आला, युरोपा लीगचं तिकीट मिळालं, आणि सुमारे तीन लाख युरोंचा आयकर वेळेत न भरल्यामुळे परवाना नाकारला गेला. जागा तोरिनोला गेली. कोट्यवधींचं देणं वर्षानुवर्षं कोणाला टोचलं नाही, अडलं ते चिल्लरपाशी.

आता तुमची पाळी. डिसेंबर २०१४ मध्ये क्लब १ युरोला विकला गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुन्हा १ युरोला. दोन महिन्यांत भाव जराही पडला नाही, याला म्हणतात पक्की गुंतवणूक. मालक झाल्यावर रोज सांगत चला: पैसे निघालेत, बँकेत अडकलेत, सोमवारी जमा होतील. कुठला सोमवार ते विचारू देऊ नका. दरम्यान जप्तीवाले क्लबच्या गाड्या नेतील. स्टेडियमवरच्या सुरक्षारक्षकांचे पैसे नाहीत म्हणून उदिनेसेविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागेल आणि चाहते फाटकावर ‘दरोड्यामुळे बंद’ अशी पाटी लावतील. १९ मार्च २०१५ रोजी न्यायालय दिवाळखोरी जाहीर करेल. एकूण देणं २१.८ कोटी युरो, त्यात खेळाडूंचे थकलेले ६.३ कोटी. मालकाची काळजी नको. त्याला आदल्याच दिवशी वेगळ्या प्रकरणात अटक झाली होती.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध आहे. पुढे मात्र माणसं बेशिस्त वागू लागतात. पगार नाही, गुणतक्त्यात तळ, आणि एप्रिलमध्ये याच संघाने विजेतेपदाच्या वाटेवरच्या युव्हेंटसला १-० हरवलं. मग चौथ्या श्रेणीत, सेरी डी मध्ये नवा क्लब उभा राहिला, अध्यक्षपदी तेच जुने स्काला. स्थानिक उद्योजकांनी पैसा घातला, चाहत्यांनी कंपनी काढून पाव हिस्सा घेतला. हंगामी तिकिटं नऊ हजारांवर खपली. सेरी डी मध्ये! जिथे पाहुणा संघ कधीकधी दोन तासांवरच्या खेड्यातून येतो. कर्णधार अलेस्सांद्रो लुकारेल्ली ३८ व्या वर्षी तिथेच थांबला. पहिल्या हंगामात ३८ सामन्यांत एकही हार नाही, ९४ गुण. २०१७ मध्ये प्लेऑफच्या अंतिम सामन्यात अलेस्सांद्रियाला २-० हरवून सेरी बी. १८ मे २०१८ च्या शेवटच्या दिवशी स्पेझियाला २-० हरवलं, तिकडे ८९ व्या मिनिटाला फोज्जाने बढतीच्या शर्यतीतल्या फ्रोसिनोनेला २-२ असं रोखलं, आणि तीन वर्षांत तीन बढत्या घेऊन संघ परत सेरी ए मध्ये. इटलीत हे आधी कोणाला जमलं नव्हतं. त्याच दिवशी चाळिशीच्या लुकारेल्लीने बूट काढले.

तेव्हा तुमच्या आराखड्यात एक दुरुस्ती करून घ्या: तिकीट काढणाऱ्यांना भागधारक होऊ देऊ नका. झालेच, तर अंगावर न जाता सबुरीने घ्या. नवा मोठा गुंतवणूकदार आला की त्यांचा वाटा आपसूक आटतो. पार्मात तो २५ टक्क्यांवरून १० वर आला आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या क्राउसे समूहाने ९० टक्के हिस्सा घेतला तेव्हा १ टक्क्यावर. हे सगळं रीतसर झालं, पैसे मोजून, आणि संघ २०२१ मध्ये खाली जाऊन २०२४ मध्ये परत वरही आला. तो उरलेला १ टक्का मात्र कागदपत्रांत नीट शोधून ठेवा.