किल्ली मालकाकडे, म्हणून काय झालं?

"फ्लॅट माझा, हप्ते मी फेडले, आणि आत डोकवायला परवानगी मागू?" नानांनी कटिंग हातात येण्याआधीच तोफ डागली.

विषय सायलीचा. कोथरूडला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. ती ऑफिसात असताना घरमालक जवळच्या किल्लीने आत शिरले, सोबत एजंट. नव्या भाडेकरूंना दाखवायला फोटो काढले आणि तेच फोटो फिरत फिरत तिच्याच व्हॉट्सॅपवर आले. दोरीवर वाळणारे कपडे, फ्रिजवर गोळ्यांची पाकिटं, नावं वाचता येतील इतकी स्वच्छ.

"चोरी तर नाही ना झाली?"

"नाना, तुमच्या बेडरूमचा फोटो टाकू का सोसायटीच्या ग्रुपवर?" मन्या.

नानांचंही अगदीच खोटं नाही. त्यांच्या फ्लॅटमध्ये चार पोरं सांगून नऊ राहत होती. बाथरूमची गळती खालच्यांच्या छतातून टपकली तेव्हा कळलं, आणि खालच्यांचं रंगकाम नानांच्या गळ्यात.

अवी वकिली करतो. तो म्हणाला, "बघायचा हक्क आहेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८. पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनाही तेच. तुमच्या करारातही ते कलम असेल, सही करताना कोण वाचतं म्हणा!"

"आधी म्हणजे किती आधी?"

"तास लिहिलेले नाहीत. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहेत. २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवर सूचना, सूर्योदयाआधी नि सूर्यास्तानंतर आत जायचं नाही. पण तो नमुना. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय इथे लागू नाही."

सायली उसळली. "सूर्यास्ताआधी मी घरी असते कधी? म्हणजे नियम पाळूनही मालक माझ्या पाठीमागेच येणार!"

हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नसावं. दुपारी घरात बाई माणूस असणारच, असं धरूनच चाललेत सगळे.

मन्याने २०१७चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला, खासगीपणा मूलभूत हक्क वगैरे. अवीने त्याला तिथेच अडवलं. "तो मुख्यतः सरकारविरुद्ध. मालकापुढे नाचवलास तर अकरा महिने भरले की नारळ. आणि डिपॉझिट त्याच्याकडे अडकलंय, ते विसरू नकोस."

मला विचाराल तर खरी गोम तिथेच आहे. कलम माहीत असून भाडेकरू गप्प बसतो तो डिपॉझिटपायी.

"मग कुलूपच बदलते," सायली.

"न विचारता नको. मेसेज टाक. यायच्या आदल्या दिवशी कळवा, मी असताना या. आणि करारात पाहणी लिहिलेली असेल, फोटो नाही. ते फोटो आधी डिलीट करायला लाव, लेखी."

"शनिवारी सकाळी या म्हणावं," नाना पुटपुटले. "पण पाणी गळत असेल तर मी शनिवारची वाट बघणार नाही हां!"

"नळ फुटला तर या की, नाना. एजंट कशाला लागतो त्याला?"